सेऊलमधले नऊ तास

त्या चौकात सगळी माणसं डावीकडे बघत होती, कारण उजवीकडे रणगाडा उभा होता. गोरक्षला हे उशिरा कळलं. आधी त्याला वाटलं, डावीकडे काहीतरी असेल, म्हणून त्यानेही डावीकडे पाहिलं. तिथे बंद बँकेची पायरी होती आणि पायरीवर चटई टाकून लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मग त्याने मान वळवली. राजवाड्याच्या मोठ्या जुन्या वेशीसमोर, रुंद रस्त्याच्या कडेला, हिरव्या रंगाचा रणगाडा होता आणि त्याच्यामागे आणखी दोन. चालकाच्या जागेचं झाकण उघडं होतं. त्यातून एका पोरसवदा सैनिकाचं डोकं बाहेर आलं होतं आणि तो पाव खात होता. ऑक्टोबरमधली सकाळ होती, ऊन स्वच्छ होतं, शहरामागचा डोंगर हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसत होता. अकराला दहा मिनिटं कमी होती. हाँगकाँगचं विमान संध्याकाळी सहाला होतं.

ओसाकाहून तो पहाटे निघाला होता. कारखान्याने त्याला साखरेच्या यंत्राचं काम शिकायला तीन महिने तिकडे पाठवलं होतं. परतीच्या तिकिटावर सेऊलला नऊ तास काढायचे होते. विमानतळावरच्या बाईने त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि शहरात फिरण्याचा परवाना म्हणून एक गुलाबी चिठ्ठी दिली. विमान कंपनीच्या बसने हॉटेलपर्यंत जा, जेवा, झोपा, ती म्हणाली, बाहेर फार फिरू नका. "का?" त्याने विचारलं. "काल संध्याकाळपासून लष्करी कायदा आहे," ती म्हणाली, आणि पाऊस आहे असं सांगावं तसं हसली. हॉटेलच्या खोलीत तो बारा मिनिटं बसला. खोलीत पलंग होता, टेबल होतं, टेबलावर कागद आणि पाकिटं होती. खिशात दोन पत्रं होती. ती दोन पत्रं आणि तो असे तिघं त्या खोलीत नऊ तास राहू शकत नव्हते, म्हणून तो बाहेर पडला.

शहर परकं होतं आणि नव्हतंही. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन चालत होत्या, मान न हलवता, पाथर्डीच्या बाजाराला जातात तशा. हातगाडीवर भोकं पाडलेल्या काळ्या कोळशाच्या वड्या रचल्या होत्या, त्यांचा ओलसर धुरकट वास सगळीकडे होता. दक्षिणेकडची एक वेस त्याने पाहिली, चारी बाजूंनी मोटारी वाहत असलेली. नगरचा दिल्ली दरवाजाही असाच रस्त्यात उभा आहे, फक्त त्याच्याखालून टांगे जातात. एका कॉलेजच्या फाटकाला साखळी होती आणि आत सैनिक होते. वर्तमानपत्राच्या फलकासमोर तीसेक माणसं वाचत होती आणि त्यांच्यातला एकही जण शेजारच्याशी बोलत नव्हता. गोरक्ष हे सगळं नीट पाहत होता, पावलं मोजावी तसं. पाहण्यात एक सोय होती. पाहत असताना माणूस दुसरं काही करत नाही.

पहिलं पत्र आईचं होतं, म्हणजे बनुबाईने सांगितलेलं आणि शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं. ते ओसाकाहून निघायच्या आठ दिवस आधी मिळालं होतं. मास्तरांचं अक्षर वळणदार होतं आणि आईचे शब्द त्यात कोंबल्यासारखे बसले होते. पाऊस नाही. विहिरीला तळ दिसतो. रस्त्याच्या दुष्काळी कामावर मुक्ता खडी फोडायला जाते. सोमवारी ती उन्हात पडली. पायात गोळे आले, दातखीळ बसली. सरकारी डॉक्टर म्हणाला, हिच्या अंगात मीठ नाही, हिला मीठ द्या. ती ऐकत नाही. म्हणते, दिवाळीपर्यंत पाकिस्तानातले कैदी सुटणार आहेत, रेडिओवर सांगितलं, आता थोडक्यासाठी नवस मोडू काय. तू सांग तिला. तुझं ऐकेल.

मुक्ताबाई त्याची वहिनी. थोरला भाऊ सहादेव रणगाड्याचा चालक होता आणि गेल्या डिसेंबरच्या लढाईनंतर त्याचं नाव बेपत्ता लोकांच्या यादीत होतं. तार आली त्या दिवशी वहिनीने मढीला जाऊन कानिफनाथापुढे मीठ सोडलं. तो घरी येईल त्या दिवशी त्याच्या ताटातलं मीठ खाईन, तोवर अळणी. पहिले दोन महिने कोणाला त्याचं काही वाटलं नाही. नवस म्हटला की घर त्याच्याभोवती वळण घेतं. आई तिची भाजी वेगळी काढू लागली. पुढे दुष्काळी काम सुरू झालं, आणि मीठ न खाणारी बाई आठ तास उन्हात दगड फोडू लागली.

दुसरं पत्र चैत्रातलं होतं. ते फक्रुद्दीनचं होतं. फक्रुद्दीन भिंगारचा, सहादेवच्याच तुकडीतला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून त्याने ते कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं. तुमच्या आईला पत्र वाचून दाखवायला मास्तर लागतात असं सहादेव सांगायचा, म्हणून तुम्हाला लिहितो. आमचा रणगाडा त्याच्या मागे होता. त्याच्या रणगाड्याला आग लागली. बाकीचे उडी टाकून निघाले, त्याचं झाकण उघडलं नाही. मी तीस हातांवर होतो. मी साहेबांना सांगितलं आहे, पण जागा पलीकडच्या हद्दीत गेली, हाती काही लागलं नाही, म्हणून कागदावर बेपत्ताच राहील. तो परत येणार नाही. घरच्यांना वाट पाहायला लावू नका. मला तुमच्या आईसमोर बोलणं जमणार नाही, तुम्ही बोला.

गोरक्ष बोलला नाही. चैत्रात नाही, वैशाखात नाही. आषाढात ओसाकाला निघताना आईने दही हातावर घातलं तेव्हाही नाही. आई सहन करणार नाही, हे कारण त्याने स्वतःला इतक्या वेळा दिलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. त्याच्याखाली दुसरं कारण होतं. जानेवारीत श्रीमंतमामा ओट्यावर बसून तंबाखू मळताना आईला म्हणाला होता, "बनू, वाईट वंगाळ कळू नये, पर कळलंच तर घरची लेक घरातच ऱ्हाईल. गोरक्ष हाय की. आपल्यात दिराशी पाट लागतोच. लोकं काय म्हनत न्हाईत." दाराआड भांड्याचा आवाज थांबला होता. गोरक्ष उठून गुरांकडे गेला होता. आणि चैत्रात, कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, फक्रुद्दीनचं पत्र वाचून संपल्यावर त्याच्या डोक्यात जी पहिली गोष्ट आली ती सहादेव नव्हता. ते मामाचं वाक्य होतं. त्या वाक्याने त्याला भीती वाटली की आणखी काही वाटलं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. पण ते पहिलं आलं होतं. भाऊ दुसरा आला. ही अदलाबदल त्याने कोणाला दाखवली नव्हती, आणि पत्र दाखवलं तर तीही दिसेल असं त्याला वाटत राहिलं.

म्हणूनही तो रणगाड्याकडे गेला असेल. त्याला झाकणाचं बिजागर पाहायचं होतं. सहा महिने तो रात्रंदिवस यंत्रांत होता आणि सहा महिने एका यंत्राचा एक भाग त्याच्या डोळ्यांपुढे अर्धवट होता. झाकण वर उघडतं की बाजूला सरकतं? आतून किती जोर लागतो? खिटी कुठे असते? तो नगरला डिप्लोमा करत होता तेव्हा सहादेव तिथेच रणगाडा चालवायला शिकत होता. रविवारी भिंगारच्या बाजूला मैदानाच्या कडेने रणगाडे जायचे, पोरं त्यांच्यामागे धुळीत पळायची, भाजीवाल्या बायका टोपल्यांवर पदर टाकून शिव्या द्यायच्या. नगरच्या माणसाला रणगाड्याचं भय नसतं. तिथे तो बैलगाडीसारखा रस्त्यावरून जातो. एकदा सहादेवने त्याला जवळ नेलं होतं. "हात लाव की," तो म्हणाला होता, "चावत न्हाई त्यो. म्हशीवानी हाय. पाठ तापली की पानी मागतो." लोखंड ऊन होतं. दोघं हसले होते. पण त्या दिवशी गोरक्षने झाकणाकडे पाहिलं नव्हतं.

आता तो चार पावलांवर होता. कोणी त्याला अडवलं नाही, कारण कोणी असं करेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पाव खाणारा सैनिक त्याच्याकडे पाहत राहिला, तोंडातला घास न चावता. झाकण एका बाजूला फिरून बसलं होतं. जाड होतं, चार बोटं तरी. बिजागर नव्हतंच, एक खुंटी होती आणि तिच्यावर ते फिरत होतं. म्हणजे बाहेरून धातू वाकला, खुंटी जरा जरी तिरकी झाली, तर आतल्या माणसाने कितीही जोर लावला तरी. गोरक्षने हात पुढे केला आणि खुंटीवर ठेवला.

पुढचं फार भरभर झालं. ओरडणं, बूट, छातीवर आडवी आलेली बंदूक. त्याचा हात मागे पिरगळला गेला आणि गाल थंड लोखंडाला लागला. चौकातली माणसं डावीकडे बघत चालत राहिली.

चौकीत त्याला बाकावर बसवलं. खिशातल्या वस्तू टेबलावर एका ओळीत मांडल्या गेल्या: गुलाबी चिठ्ठी, रुमाल, हॉटेलची किल्ली, दोन पत्रं. लेफ्टनंट पंचविशीतला असेल. दाढीला जागा नसलेला गुळगुळीत चेहरा, डोळे रात्रभर जागलेले. त्याने पत्रं उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सरळ केली. अक्षरांच्या वरची रेघ त्याला खटकत असावी. तो तिच्यावरून बोट फिरवत होता. बारा वाजले, साडेबारा वाजले. मग समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकाला बोलावलं गेलं. तो पन्नाशीचा, जाड भिंगांचा, पांढरा कोट घातलेला माणूस होता आणि अमेरिकन छावणीत शिकलेलं इंग्रजी बोलत होता.

"इंडियन?" तो म्हणाला. "मला वाटलं अरब. बरं. टँकला का हात लावला? टँक काय पोरगी आहे?"

गोरक्षने सांगितलं, तो इंजिनिअर आहे, त्याला झाकण पाहायचं होतं. दुकानदाराने हे भाषांतर करताना खांदे उडवले. लेफ्टनंट हसला नाही. त्याने फक्रुद्दीनच्या पत्रावर बोट ठेवलं.

"ही कोणती लिपी? काय लिहिलंय?"

"घरचं पत्र आहे. भावाबद्दल."

"भाऊ काय करतो?"

खोटं बोलण्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नव्हता. "टँक चालवतो," तो म्हणाला.

दुकानदाराने हे लगेच सांगितलं नाही. त्याने चष्मा काढून कोटाला पुसला, मग हळू आवाजात सांगितलं. लेफ्टनंट खुर्चीतून उठला. परदेशी माणूस, राजवाड्यासमोरचा रणगाडा, खिशात कोणालाही न वाचता येणारा कागद आणि रणगाडा चालवणारा भाऊ. गोरक्षला स्वतःची गोष्ट बाहेरून दिसली आणि ती वाईट दिसत होती.

"भाऊ आत्ता कुठे आहे?"

"बेपत्ता आहे," गोरक्ष म्हणाला. दहा महिने तो हेच म्हणत आला होता. कारखान्यात, एस.टी.त, ओसाकाच्या कॅन्टीनमध्ये. त्या उत्तराची जिभेला सवय होती.

दुकानदाराचा चेहरा बदलला. त्याने भाषांतर केलंच नाही. तो गोरक्षकडे वाकला. "हे काय बोलतोस? इथे असं बोलू नये. इथे ज्याच्या घरचा माणूस बेपत्ता, तो माणूस उत्तरेला गेला असं धरतात. मग त्या घरावर पोलीस. मुलाला नोकरी नाही, मुलीला स्थळ नाही. मी हे सांगितलं तर तुझं आजचं विमान विसर. नीट आठव. भाऊ कुठे आहे?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर कोणीतरी पाण्याने पायरी धूत होतं. गोरक्षला तहान लागली होती, आणि तहान लागली आहे ही गोष्ट त्याला फार महत्त्वाची वाटली. तो तिला धरून राहिला. मग ती सुटली.

"मेला," तो म्हणाला. "माझा भाऊ मेला. टँकमध्ये. जळून."

परक्या भाषेत ते तीन-चार शब्दांत झालं. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. दुकानदाराने सांगितलं. लेफ्टनंट पुन्हा बसला आणि त्याने एक जाड वही ओढली.

"तारीख?"

"बारा डिसेंबर."

"नाव?"

"सहादेव."

लेफ्टनंटने विचारून विचारून ते नाव आपल्या चौकोनी अक्षरांत लिहिलं. समोर तारीख लिहिली. मग आणखी एक शब्द लिहिला, आणि तो कोणता हे गोरक्षला कोणी सांगायची गरज नव्हती. जगातल्या कुठल्याही कागदावर सहादेव पहिल्यांदा मेला तो इथे, या वहीत, एका अनोळखी चौकीत. पत्र हे डोळ्यांनी पाहिलेल्या सोबत्याचं आहे, हेही गोरक्षने सांगितलं आणि खाली सही केली. पत्रं चौकीत राहतील, दुकानदाराने सांगितलं, ती वाचायला माणूस मिळेपर्यंत. तो कधी मिळेल? दुकानदाराने हात पसरले.

सुटायला तीन वाजले. दुकानदार त्याच्याबरोबर बसच्या थांब्यापर्यंत आला. त्याला तसं सांगितलं गेलं असावं. पिंपळासारख्या हलणाऱ्या पिवळ्या पानांची झाडं रस्त्याला होती.

"घरी माहीत आहे?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

"कोण आहे घरी?"

"आई. त्याची बायको. ती मीठ खात नाही. तो आल्यावर खाणार."

दुकानदाराने मान हलवली, औषधाची चिठ्ठी वाचावी तशी. "माझा थोरला भाऊ पन्नास साली गेला," तो म्हणाला. "कुठे गेला ठाऊक नाही. आई रोज संध्याकाळी त्याच्या नावचा वाडगाभर भात, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर गोधडीखाली ठेवते. आला तर गरम मिळावा म्हणून. सकाळी तो भात मी खातो. बावीस वर्षं. शिळा भात मला मुळीच आवडत नाही." तो जरा हसला, मग थांबला. "आम्हाला पाहिलेला माणूस भेटला नाही. तुमच्याकडे आहे. त्याचं पत्र खिशात घेऊन तू शहर बघत फिरत होतास. तू विचित्र माणूस आहेस." बस आली. त्याने गोरक्षला पाठीवर हात ठेवून आत ढकललं, जरा जोरातच.

विमानात, हाँगकाँगच्या बाकावर, मुंबईहून नगरला येणाऱ्या गाडीत गोरक्ष वाक्य शोधत होता. त्याने ठरवलं होतं तसं आता होणार नव्हतं. पत्र मास्तरांच्या हाती द्यायचं, ते वाचतील, आपण उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, असं त्याचं ठरलं होतं. आता पत्र नव्हतं, तोंड होतं. आणि चौकीत जे सहज आलं ते गावच्या बोलीत जमत नव्हतं. वारला, गेला, संपला, कामी आला. प्रत्येक शब्दाला कोणीतरी माणूस चिकटलेला होता, चुलते, शेजारी, आजोबा. सहादेवसाठी रिकामा शब्द सापडत नव्हता.

पाथर्डीच्या एस.टी.तून तो गावाच्या अलीकडे, दुष्काळी कामापाशीच उतरला. घरी गेला असता तर आधी आई भेटली असती. शेपन्नास माणसं उघड्या माळावर बसली होती. प्रत्येक बाईसमोर खडीचा ढीग होता. मुक्ताबाई गावातल्या गोजरबाईच्या शेजारी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, घोटे सुजले होते. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"अगं मुक्ते, तुझा दीर बघ, साहेब होऊन आला," गोजरबाई ओरडली. "काय वो, जपानातनं आमाला काय आनलं?"

मुक्ताबाईने पदर डोक्यावर ओढला. "भावजी, परभारी हिकडं? घरी न्हाई गेलात?"

तो खडीवर, तिच्यासमोर, उकिडवा बसला. "वैनी," तो म्हणाला, "दादा न्हाई. दादा गेला. लढाईतच. गाडीला आग लागली, त्याचं झाकन उघडलं न्हाई. भिंगारच्या फक्रुद्दीननं डोळ्यानं पाह्यलं."

तिच्या हातातला हातोडा दगडावर टेकला आणि तिथेच राहिला. शेजारचे हातोडे एकेक करून थांबले. ती रडली नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणखी काही यायचं आहे असं. मग तिने विचारलं,

"तुमास्नी कवा कळलं?"

सगळ्या प्रवासात हा प्रश्न त्याने धरलाच नव्हता. जपानात कळलं. दोनच शब्द होते. पत्र सेऊलच्या चौकीत होतं, त्यावरची तारीख कोणी बघणार नव्हतं. फक्रुद्दीन गावात येणार नव्हता. ते दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होऊन बसले, ओळखीच्या माणसासारखे.

"चैतात," तो म्हणाला.

मुक्ताबाईने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. चैत, वैशाख, जेठ, आखाड. पेरं चिंधीत बुजली होती, तरी ती मोजत होती. सातव्यावर अंगठा थांबला.

"सात म्हैनं," ती म्हणाली. "सात म्हैनं तुमी माझ्या हातचं जेवला. आईनं माझी भाजी येगळी काढलेली बघितली."

तीन महिने आपण इथे नव्हतो, हे त्याच्या मनात आलं, आणि ते आलं याचीच त्याला लाज वाटली.

"मामाच्या बोलन्यामुळं गप बसला?"

त्याने मान खाली घातली. हो की नाही, ते तिने तिच्यापुरतं ठरवलं असावं. ती उठायला लागली, तिचा तोल गेला, गोरक्षही अर्धवट उठला. पण तिने गोजरबाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि नीट उभी राहिली. पदराची धूळ झटकली.

"सासूबाईला मी सांगते," ती म्हणाली. "तुमी न्हाई सांगायचं. तुमी हितंच बसा. मी बोलावनं धाडल्याबिगर घरात यायचं न्हाई. आन् मामा आला तर त्याला बी हितंच बसवा."

ती गावाकडे चालू लागली, वाळलेल्या बाजरीच्या सडांमधून, सावकाश. गोजरबाई तिच्यामागे गेली. बाकीच्या बायका जागच्या हलल्या नाहीत. तो तिच्या ढिगाशेजारी, तिने दाखवलेल्या जागी बसून राहिला. ऊन पाठीवर चढलं. किती वेळ गेला हे त्याने मोजलं नाही. गावाच्या दिशेने आईचा आवाज उठला तेव्हा कामावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी त्याच्याकडे पाहून म्हणाली, "जा की रं बाबा, आय रडती तुजी." त्याचे पाय उठायला निघाले आणि थांबले. अजून त्याला कोणी बोलावलं नव्हतं.